आयर्विन किती, राजाराम किती

दुपारी अडीचचा सुमार. ओटा आवरून जरा आडवी झाले होते, तोच फोन वाजला. आमचे अण्णा फोनवर "हॅलो" म्हणत नाहीत. पावसाळ्यात तर नाहीच नाही.

"आयर्विन २९."

पुढं शांतता. मी काही बोलायच्या आत बाहेरच्या खोलीतून, पेपराच्या मागून, नवऱ्याचा आवाज आला, "राजाराम ३१ आहे म्हणावं."

आयर्विन हा सांगलीचा कृष्णेवरचा पूल, राजाराम हा कोल्हापूरचा पंचगंगेवरचा बंधारा, आणि आकडे तिथल्या पाण्याच्या पातळीचे, फुटांत. म्हणजे दोन फुटांनी कोल्हापूर पुढं. नदीच्या पाण्यात पुढं असण्यात कसला मोठेपणा, हे मी चोवीस वर्षांत विचारलेलं नाही. माझं माहेर सांगलीच्या गावभागातलं आणि सासर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं. मधे पन्नास-एक किलोमीटर. एवढ्याशा अंतरात अजून तह झालेला नाही.

आता भडंगाचंच घ्या. माहेरहून येणाऱ्या प्रत्येक पिशवीत भडंगाचा पुडा असतोच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी मोठ्या अभिमानानं ताटलीत काढून दिलं, "आमच्या सांगलीचं." नवऱ्यानं मूठभर तोंडात टाकलं, पुडा उलटा करून पत्ता वाचला आणि म्हणाला, "हे तर जयसिंगपूरचं. जयसिंगपूर कोल्हापूर जिल्ह्यात येतं." मी म्हटलं, सांगलीच्या दारात आहे ते, अंकलीचा पूल ओलांडला की आलंच. तर म्हणाला, दारात असेल, पण १९१७ साली वसवलं कुणी? शाहू महाराजांनी. वडिलांच्या नावानं. म्हणजे भडंगही आमचंच.

तेव्हापासून पुड्यावरचा पत्ता मी आधी वाचते.

अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटाशी कायम पिवळसर. आई नीळ घालून थकली. शाळेच्या फीच्या नोटांनाही हळदीचा वास यायचा. बाई त्या नाकाशी धरून म्हणायच्या, "लग्नाचा आहेर फोडून आणलास का गं?" संध्याकाळी अण्णा घरी येत तेव्हा कधी कधी गणपती मंदिराचा हत्ती गल्लीतून चाललेला असायचा. त्याच्या गळ्यातली घंटा दोन गल्ल्या आधी ऐकू यायची. आई केळं घेऊन दारात उभी. सोंड माझ्या हातावरून फिरायची, ओलसर आणि खरखरीत, आणि मी केळं सोडायचीच विसरायचे. अण्णा म्हणायचे, "दे की. तो काय तुझा हात नेतोय होय?" कोल्हापुरात आल्यावर पहिले काही महिने संध्याकाळी मी उगीच दारात जाऊन उभी राहायचे. सासूबाईंना वाटायचं, सूनबाईंना माहेरची आठवण येतेय. खरं तर मला हत्तीची यायची.

सासऱ्यांचा धंदा गुळाचा. सोयरीक जमली तेव्हा दोन्हीकडच्या माणसांनी हळद आणि गूळ यावरून जे विनोद केले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सासरे आठवडाभर चौकात चहा पाजत होते. सांगलीच्या हळदीला मिळालं २०१८ साली. अण्णांनी फोन करून सांगितलं, मी घरात सांगितलं, सासरे म्हणाले, "मिळालं? बरं झालं. चार वर्षं लागली."

हे सगळं ऐकून बाहेरच्याला वाटेल की कोल्हापूर दिवसरात्र सांगलीचा विचार करतं. तसं काही नाही. कोल्हापूरचं खरं वैर कोल्हापूरशीच. शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ असा फुटबॉलचा सामना असला की आमच्या घरात स्वयंपाक होत नाही, कारण जेवायला कुणी नसतं. तिथं जो जीव ओततात तो सांगलीच्या वाट्याला कधी आलेला नाही. सांगलीला मात्र कोल्हापूर सारखं दिसत असतं. धाकट्या भावाला थोरल्याची सायकल दिसते तसं. (हे वाक्य अण्णांनी वाचलं तर सहा महिने भडंग बंद.)

अण्णांच्या भात्यात तीन बाण आहेत. एक, तुमची रेल्वे कोल्हापुरात जाऊन संपते, पुढं रूळ नाहीत. दोन, पैलवान. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर मूळ शिराळा तालुक्यातले, म्हणजे आमचे. नवरा म्हणतो, जन्माला येऊन कुणी हिंदकेसरी होतं का? मोतीबाग तालमीत घडले, म्हणजे आमचे. हा वाद दर दिवाळीत पाडव्याला होतो आणि करंज्या संपल्या की थांबतो. तिसरा बाण नाटकाचा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीत. "तुमच्याकडं काय, सिनेमा," असं अण्णा म्हणतात तेव्हा सिनेमा हा शब्द बीडी म्हटल्यासारखा येतो.

पण ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. आमच्या गच्चीवरून ज्वाळा दिसत होत्या. अख्खी पेठ रस्त्यावर आली होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. अण्णांचा फोन आला. मला वाटलं, आता काय म्हणतील. म्हणाले, "मी तिथं तिसऱ्या रांगेत बसलो होतो, सत्तर साली," आणि ठेवून दिला.

नवऱ्याकडंही बाण आहेत. विमानतळ आहे. तांबडा-पांढरा आहे. गंगावेशीत म्हशीचं दूध डोळ्यासमोर काढून पेल्यात देतात, ते आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि सांगली जिल्हाही त्याच्याच कक्षेत आला. त्या दिवशी त्यानं स्वतः सांगलीला फोन लावला. "अण्णा, आता न्याय मागायला आमच्याकडंच यावं लागणार." अण्णा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, मुलगी दिली तेव्हाच न्यायाची आशा सोडली."

या सगळ्यात मिरजेला कुणी विचारत नाही. खरं तर तंबोरे मिरजेचे, जंक्शन मिरजेचं, आणि दोन्ही गावांतलं माणूस बरंच आजारी पडलं की त्याला नेतात मिरजेला. मिरजकर गप्प असतात. त्यांना माहीत आहे, शेवटी येणार कुठं!

माझी गोची वेगळी झाली. कोल्हापुरात बायका "मी आलो", "मी जेवलो" म्हणतात. ऐकून माहीत होतं, पण नव्या घरात पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकी दारातून ओरडल्या, "आलो गं मी, च्या टाक," तेव्हा मी बाहेर जाऊन त्यांच्या मागं कोण आहे ते बघितलं. मनाशी ठरवलं, काही झालं तरी आपण "आले"च म्हणायचं. पाच-सहा वर्षं टिकवलं. मग एका मे महिन्यात माहेरी पोचले, पिशव्या खाली टाकल्या, पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "दमलो बाई." आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. काही बोलली नाही. रात्री अण्णांना सांगत होती ते ऐकू आलं, "पोरगी गेली हो आपली." अण्णा म्हणाले, "गेली नाही. गेला."

आकड्यांवर यायचं होतं, भरकटले.

आयर्विन पुलाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. आम्हाला हे पाढ्यांसारखं पाठ आहे. पण २०१९च्या ऑगस्टमध्ये पाढे संपले तरी पाणी थांबेना. अण्णा दर दोन तासांनी फोन करत. "आयर्विन ५०." आणि मला आठवतंय, शपथेवर सांगते, नवरा बाहेरून म्हणाला होता, "राजाराम ५३." सवयीनं. म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. मग "आयर्विन ५४." मग माळ्यावर काय काय चढवलं त्याची यादी. देव, गादी, आईचं शिवणयंत्र, अण्णांच्या जुन्या कीर्दी. मग फोनची बॅटरी गेली. पन्नास किलोमीटरवर माझी माणसं होती आणि सगळे रस्ते पाण्याखाली. आमच्याकडं निम्मं गाव पुरात आणि नळाला पाणी नाही. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी असताना मागच्या बाईनं विचारलं, "म्हाहेर कुठलं?" मी सांगलीचं सांगितलं. तिनं मला पुढं घेतलं.

सांगलीत पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, इथं ५५च्या. रस्ता सुटला त्या सकाळी सासूबाईंनी भाकरी आणि वर्षाच्या चटणीतली निम्मी बरणी बांधून दिली. आईअण्णा गच्चीवर होते, नीट होते. भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर चिखलाची रेघ. अण्णांनी भाकरी खाल्ली, चटणी खाल्ली, नाक पुसलं आणि म्हणाले, "तिखट आहे. पण आपल्यासारखा लसूण नाही." तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला.

आज संध्याकाळी परत फोन. "आयर्विन ३१. वाडीला दक्षिणद्वार झालं का गं?" सासूबाईही मघाशी तेच विचारत होत्या. नदी चढली की नरसोबाच्या वाडीला पाणी उत्तरेकडून देवळात शिरतं, पादुकांवरून जातं, दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि त्या पाण्यात अंघोळीला दोन्ही जिल्ह्यांतली माणसं धावतात. अण्णांनी मला नेलं होतं, मी सात-आठ वर्षांची असेन. लालसर, गार पाणी कमरेपर्यंत. पंचगंगा इथं कृष्णेला मिळते हे शाळेत नुकतंच झालं होतं. मी विचारलं, "अण्णा, ह्यातलं आपलं पाणी कुठलं?" ते म्हणाले, "पुढं सरक, मागं माणसं आहेत." मग कवठाची बर्फी घेतली आणि घरी आलो.

कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला पुढं सरकायला जागा नसते. हे मला फार उशिरा, कोल्हापुरात आल्यावर कळलं.

रात्री साडेनऊला पुन्हा वाजला. "आयर्विन ३३. कोयनेतनं सोडलंय."

मी बाहेरच्या खोलीकडं कान दिला. नवऱ्याच्या हातात फोन होता, राजारामचा आकडा त्याला दिसत असणार. बोलला नाही.

"अण्णा, माळ्यावर काही टाकलंत का?"

"अजून नाही."

"टाका की."

"टाकतो उद्या. तुझं भडंग संपलं असेल तर सांग. रस्ता चालू आहे तोवर पाठवतो."