आधी रेट सांगा, मग निवडायला सांगा

उपचारांचा खर्च वाढतोय याबद्दल आता कुणाचं दुमत नाही. भांडण आहे ते उपायावरून. त्यात एक मत गेली बरीच वर्षं जोरात मांडलं जातंय, ते असं की पेशंटला ग्राहक बनवा, थोडे पैसे त्याच्या खिशातून जाऊ द्या, मग तो चार ठिकाणी चौकशी करेल आणि हॉस्पिटलांना रेट खाली आणावेच लागतील. मला यातलं अर्धं मनापासून पटतं, आणि उरलेलं अर्धं ज्या पद्धतीने लोकांवर लादलं जातं त्याचा फार राग येतो, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

आधी पटणारं. उपचार घेणारा एक, काय करायचं ते ठरवणारा दुसरा आणि पैसे भरणारा तिसराच, असं असेल तर खर्चाला लगाम घालणार कोण? अमेरिकेत बघा, नोकरीतून मिळणारा हेल्थ इन्शुरन्स फोफावला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. 1942 मध्ये सरकारने पगारवाढीवर बंधनं घातली, मग कंपन्या माणसं टिकवायला विमा देऊ लागल्या, आणि 1954 च्या टॅक्स कायद्याने त्यावर कर लागणार नाही हे पक्कं केलं. अडचणीच्या काळात काढलेली वाट होती, तिचाच पुढे हमरस्ता झाला. आज तिथे जीडीपीच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त पैसा आरोग्यावर जातो. आणि "बिल इन्शुरन्स भरतोय ना" म्हणून आपण निवांत असतो, पण तो पैसा आपलाच असतो हो, प्रीमियममधून जातो, टॅक्समधून जातो, न मिळालेल्या पगारवाढीतूनही जातो, फक्त जाताना दिसत नाही.

म्हणजे खर्च दिसायला हवा, इथपर्यंत ठीक. पण मग तिथे उपाय म्हणून केलं काय, तर डिडक्टिबल वाढवले. पहिले इतके हजार तुमचे तुम्ही भरा, त्यानंतर विमा. 2003 च्या कायद्याने हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट आले, म्हणजे करमुक्त खात्यात पैसे साठवायचे आणि मोठ्या डिडक्टिबलची पॉलिसी घ्यायची. आता ज्याच्याकडे महिनाअखेर काही उरतं तो साठवेल, ज्याच्याकडे उरतच नाही त्याने काय साठवायचं?

यावर एक जुना आणि फार मोठा प्रयोग झालेला आहे, रँड या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेचा. 1970 च्या दशकात सुरू झाला आणि 1982 पर्यंत चालला. हजारो लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळ्या विमा योजनांमध्ये वाटून दिलं, काहींना सगळं फुकट, काहींना बिलाचा मोठा हिस्सा स्वतः भरायचा, वर्षाला एका मर्यादेपर्यंत. ज्यांना स्वतः भरावं लागत होतं त्यांनी उपचार बरेच कमी घेतले आणि बहुतेकांच्या तब्येतीत त्यामुळे फारसा फरक पडला नाही. हे वाक्य सगळे उचलून धरतात. त्याच प्रयोगात पुढे काय दिसलं ते मात्र सांगत नाहीत. लोकांनी बिनगरजेचे उपचार जेवढे टाळले जवळपास तेवढेच गरजेचेही टाळले, आणि गरीब असून ब्लड प्रेशर असलेल्या लोकांचं प्रेशर फुकट उपचारांच्या गटात जास्त चांगलं आटोक्यात राहिलं. साहजिक आहे ना, कुठली तपासणी टाळली तर चालेल आणि कुठली टाळली तर जिवावर बेतेल हे पेशंटला कळत असतं तर तो डॉक्टरकडे कशाला गेला असता. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1963 मध्येच हे मांडलं होतं की आजारपण सांगून येत नाही आणि उपचाराबद्दल डॉक्टरला जे माहीत असतं ते पेशंटला नसतं, म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, ग्राहकावर बिलाचा भार टाकण्याआधी त्याला ग्राहकाचे हक्क द्या.

आमच्या घरात मागे एक ऑपरेशन ठरलं होतं, घाई अजिबात नव्हती, म्हणून मी हॉस्पिटलला फोन करून साधं विचारलं की एकूण किती येईल. उत्तर आलं, ते ॲडमिट झाल्यावर कळेल. बरं, साधारण? तेही नाही. अशा वेळी निवड करायची म्हणजे नेमकं काय करायचं हे मला आजही कुणीतरी समजावून सांगावं.

हार्ट अटॅक आलेल्या माणसाने रेट विचारत फिरावं असं कुणीच म्हणत नाहीये. पण स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, मोतीबिंदू, गुडघ्याचं ऑपरेशन, असं कितीतरी आधी ठरवून होतं आणि तिथे तुलना नक्की करता येते. अमेरिकेत 1 जानेवारी 2021 पासून हॉस्पिटलांना रेट जाहीर करणं बंधनकारक झालं, त्यात पेशंट आधी ठरवून घेऊ शकेल अशा 300 सेवांचे रेट समजेल अशा भाषेत द्यायचे. सुरुवातीला कित्येकांनी टाळाटाळ केली. ज्यांनी दिले त्यांच्या फायली इतक्या अवाढव्य की सामान्य माणसाला त्यातून काही हाती लागणं कठीण. तरीही त्यातून जे बाहेर आलं ते धक्कादायक होतं, एकाच हॉस्पिटलात एकाच तपासणीचे प्रत्येक विमा कंपनीला वेगळे रेट, कधीकधी तर विमा नसलेल्या माणसाचा रोखीचा रेट विमावाल्यापेक्षा कमी! एवढी वर्षं हे झाकून ठेवलं होतं.

अर्थात रेट कळून तरी काय उपयोग, जर आसपासची सगळी हॉस्पिटलं एकाच मालकाची झाली असतील. हॉस्पिटलं एकत्र आली की दर वाढतात हे अभ्यासांमधून पुन्हापुन्हा दिसलंय, म्हणजे अशा विलीनीकरणावर लक्ष ठेवणं हाही ग्राहकाच्याच बाजूचा सुधार आहे, पण त्यावर बोलताना फार कमी लोक दिसतात.

आणि डॉक्टरांकडूनही चांगली सुरुवात झालेली आहे. 2012 मध्ये तिथल्या डॉक्टरांच्याच संघटनांनी 'चूझिंग वाइजली' नावाची मोहीम काढली, त्यातले पेशंटने विचारायचे प्रश्न मला फार आवडतात. ही तपासणी खरंच लागणार आहे का, त्यात धोका काय, याहून साधा पर्याय आहे का, काहीच केलं नाही तर काय होईल, आणि खर्च किती. हे विचारलं म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवला असं अजिबात नाही, चांगला डॉक्टर नीट उत्तर देतोच.

मला सगळ्यात कामाचा वाटलेला नियम म्हणजे 2022 पासून तिथे लागू झालेला लेखी अंदाजाचा. विमा नसलेल्या किंवा स्वतः पैसे भरणाऱ्या पेशंटला आधी ठरलेल्या उपचारांचा लेखी अंदाज द्यायचा, आणि नंतरचं बिल त्याहून 400 डॉलर किंवा त्यापेक्षा जास्त आलं तर पेशंटला 120 दिवसांच्या आत रीतसर दाद मागता येते. यात ग्राहकाच्या हातात खरंच काहीतरी येतं. पण विमा वापरणाऱ्यांना असा लेखी अंदाज अजून मिळत नाही, आणि डिडक्टिबल फेडता फेडता मेटाकुटीला येणारे बहुतेक लोक त्यातलेच आहेत. माझी पहिली मागणी तीच राहील, विमा असो नसो, प्रत्येक पेशंटला आधी लेखी अंदाज द्या आणि तो ओलांडला तर त्याचा जाब द्यायची जबाबदारी बिल लावणाऱ्यावर टाका.