विंडोज ११ आणि माझा ई ड्राइव्ह

तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने कॉम्प्युटर न बघताच निकाल दिला. "काका, २०१८ चं मशीन ना? त्याच्यावर विंडोज ११ चढत नाही. नवीन घ्या." मी नवीन घेतलं नाही, तीन रात्री घालवल्या.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बँकेची सगळी कामं याच मशीनवर, म्हणून घाई. प्रोसेसर आय३-८१००, म्हणजे आठव्या पिढीचा, चालणाऱ्यांच्या यादीतला. तरी तपासणीचं ॲप म्हणे, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) नाही. ते होतं, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, बंद होतं. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. चालू केलं, दोन मिनिटांचं काम.

मग तेच ॲप सिक्युअर बूटवर अडलं, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीवर. त्यासाठी बायोसमधलं सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने मशीन सुरू करायची सोय, बंद करायचं. केलं, तर विंडोज सुरूच होईना. दर वेळी थेट बायोस. ही म्हणाली, "अहो, चालत होतं ना नीट?"

डिस्कवरच्या भागांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची होती, सीएसएमशिवाय विंडोजला ती नव्या जीपीटी पद्धतीची लागते. सीएसएम पुन्हा चालू केलं, विंडोज आलं, जीव भांड्यात पडला. डेटा न पुसता डिस्क बदलणारी एमबीआर२जीपीटी नावाची कमांड विंडोज १० मध्येच असते. ती आधी 'व्हॅलिडेट' लावून चालवायची, म्हणजे नुसती चाचणी होते. नापास. रीस्टार्ट करून पुन्हा, नापास. दुसरी रात्र त्यातच गेली. तिसऱ्या रात्री कळलं की तिला तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे मुख्य भाग, चालत नाहीत. माझी चार: एक विंडोजचं स्वतःचं, शिवाय सी, डी, ई. मशीन असेंबल करणाऱ्याने २४० जीबीच्या एवढ्याशा एसएसडीची भावाभावांत करावी तशी वाटणी केली होती! ई मध्ये मुलाच्या मुंजीचे फोटो. ते पेनड्राइव्हवर घेतले, ई उडवला, चाचणी पास. डिस्क बदलली, मगच सीएसएम बंद केलं.

हो, बॅकअप सगळ्यात आधी घ्या, माझ्यासारखा तिसऱ्या रात्री नको. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर बायोसला हात लावण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा. आणि गुरुवार टाळा, आमच्याकडे वीज गेली तर त्याच दिवशी जाते.

अपग्रेड स्वतः निमूट झालं. स्टार्ट मध्यभागी बसलेलं बघवेना, टास्कबारच्या सेटिंगमधून डावीकडे आणलं. राइट क्लिकचा जुना मेनू शिफ्ट आणि एफ१० दाबलं की येतो. विंडोज आणि झेड दाबून खिडक्यांची मांडणी निवडता येते, ते मात्र झकास. पासबुक आणि एक्सेल शेजारी शेजारी राहतात.

परवा माऊस घ्यायला त्याच दुकानात गेलो. "काय काका, घेतलं का नवीन?"

"माऊस दाखवा," म्हटलं.