खरं, खोटं आणि उणे १

पायथनसाठी सी या भाषेत एक्स्टेन्शन (पायथनला जोडायचा जादा कोड) लिहायला घेतलेली मंडळी मला हमखास विचारतात, "खरं की खोटं एवढंच तर बघायचंय, मग सरळ ० आणि १ का नाही वापरायचे?"

वापरा की, पण सीच्या हद्दीत. पायथनच्या बाजूला ट्रू आणि फॉल्स हे पूर्ण ऑब्जेक्ट आहेत आणि सीमध्ये ते पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, म्हणून हाती येतात. तो पॉइंटर तसाच इफमध्ये टाकलात, तर फॉल्ससुद्धा खरा ठरेल, कारण पॉइंटर काही नल, म्हणजे रिकामा, नसतो आणि सीला शून्य नसलेलं सगळं खरंच.

म्हणून पायऑब्जेक्ट_इजट्रू हे फंक्शन वापरायचं. ते खऱ्याला १ देतं, खोट्याला ०, आणि काही बिनसलं तर -१. हा तिसरा निकाल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खरं-खोटं ठरवताना समोरच्या ऑब्जेक्टचा स्वतःचा कोड चालू शकतो आणि तो एक्सेप्शन (काहीतरी चुकल्याचा इशारा) देऊ शकतो. दोन-चार घटकांचा नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) अ‍ॅरे देऊन बघा, व्हॅल्यूएरर येतो. पण सीला -१ हेसुद्धा खरंच! कोड बिनदिक्कत चुकीच्या फांदीत शिरतो, एक्सेप्शन मागे लटकत राहतं आणि पुढे कुठेतरी सिस्टिमएरर होऊन उगवतं. तेव्हा निकाल इंटमध्ये (सीचा पूर्णांक प्रकार) घ्या, आधी शून्याहून कमी आहे का ते बघा आणि असेल तर तिथल्या तिथे नल परत करा.

उत्तर पायथनला परत देणं त्यामानाने सोपं: पायबूल_फ्रॉमलाँग हे फंक्शन सीच्या आकड्याचं ट्रू किंवा फॉल्स करून देतं. पाय_ट्रू (सीच्या बाजूचं ट्रूचं नाव) थेट रिटर्न केलात तर रेफरन्स काउंट, म्हणजे ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे त्याची मोजणी, वाढवायची जबाबदारी तुमची. पायथन ३.१२ पासून हे ऑब्जेक्ट अमर झाले (त्यांचा काउंट बदलतच नाही), त्यामुळे तिथे ही चूक खपून जाते. तोच कोड जुन्या आवृत्तीवर गेला की मात्र काउंट घसरत राहतो.

पायथनकडून खरं-खोटं आर्ग्युमेंट घेताना पायआर्ग_पार्सटपल या फंक्शनमध्ये 'पी' हे अक्षर लिहितात, ३.३ पासून ते आहे. त्याला इंटचा पत्ता लागतो. बरेच जण सीच्या बूलचा देतात. बूल सहसा १ बाइटचा, इंट ४ बाइटचा, म्हणजे शेजारच्या तीन बाइटांवर पाणी पडलं. आर्ग्युमेंटांची संख्या आणि प्रकार मोकळे असल्याने कंपायलरही सहसा चकार शब्द काढत नाही. व्हेरिएबल इंटच ठेवा, बूलमध्ये नंतर घ्या.