सांगलीच्या उन्हात ब्रशलेस मोटर
मे महिन्यात सांगलीचा पारा 40 अंशांना टेकतो, तेव्हा आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, गाडीची मोटर तापायला निमित्त लागत नाही. पाच मिनिटं गाडी पळवून मोटरला इन्फ्रारेड थर्मामीटर लावा. 80 अंशांच्या वर गेली तर आधी पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) एक-दोन दातांनी लहान बसवा, पंख्याचं नंतर बघू. फार तापली की आतल्या चुंबकाची ताकद कायमची घटते.

मोटर ज्यावर बसते तो माउंट ॲल्युमिनियमचाच घ्या. प्लास्टिक मऊ पडतं आणि मेश (चाकांच्या दातांची एकमेकांतली बैठक) सरकतो. माउंटच्या एम3 (3 मिमी जाडीच्या) स्क्रूची लांबी मोजूनच लावा, जास्त आत गेला तर वाइंडिंगला (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांना) टेकून शॉर्ट होतो. स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) हवंच. पिनियन आणि स्परमध्ये (पिनियन ज्याला फिरवतं ते मोठं दातेरी चाक) वहीच्या कागदाची पट्टी दाबून स्क्रू आवळा, पट्टी काढा, स्पर पूर्ण फिरवा: सगळीकडे किंचित खेळ जाणवला पाहिजे. मेश घट्ट राहिला तरी मोटर तापतेच.