'वॉर अँड पीस' कुठे अडतं?

थोर कादंबऱ्यांची यादी कुणीही करो, टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' तिच्यात असतेच. पुस्तक हौसेनं घेतलंही जातं, पण पन्नासेक पानांत वाचन थांबतं. दोष जाडीला दिला जातो. खरं तर ३६१ प्रकरणं असली तरी बहुतेक लहान आहेत. रोज एक वाचलं तरी वर्षात पुस्तक हातावेगळं होतं. वाचक अडतो तो नावांपाशी.

कादंबरी सुरू होते जुलै १८०५ मध्ये, पीटर्सबर्गमधल्या एका संध्याकाळच्या बैठकीत. माणसं एकामागून एक येतात, मध्येच फ्रेंच बोलतात आणि प्रत्येकाला तीन-तीन नावं! इथे मराठी वाचकाला एक सोय आहे. रशियन माणसाचं मधलं नाव आपल्यासारखंच वडिलांचं असतं. आंद्रेई निकोलायेविच हा निकोलायचा मुलगा, मारिया निकोलायेव्ना त्याची बहीण. आडनावही बाईमाणसाचं बदलतं: भाऊ बोल्कोन्स्की, तर बहीण बोल्कोन्स्काया. नताशा हे नाताल्याचं घरातलं नाव. एका कागदावर बेझुखोव, बोल्कोन्स्की, रोस्तोव, कुरागिन आणि द्रुबेत्स्कोय ही पाच घराणी लिहून तो पुस्तकात ठेवा. बाकीची नावं विसरली तरी बिघडत नाही.

इंग्रजीतून वाचणार असाल तर पहिल्या वाचनाला अँथनी ब्रिग्जचा अनुवाद (२००५) घ्या. त्यात फ्रेंच संवादही इंग्रजीतच येतात. पेव्हिअर-वोलोखोन्स्की (२००७) फ्रेंच तसंच ठेवून अर्थ तळटीपेत देतात. मुळाशी ते प्रामाणिक आहे, पण सुरुवातीच्या बैठकीत नजर सारखी वर-खाली करावी लागते. लुईज आणि एल्मर मॉड यांचा जुना अनुवाद नेटवर फुकट मिळतो. मात्र त्यात चार खंडांऐवजी पंधरा पुस्तकं पाडली आहेत, त्यामुळे इतर आवृत्त्यांचे प्रकरण-क्रमांक त्याला लागू पडत नाहीत.

संक्षिप्त आवृत्ती नकोच. दुसऱ्या खंडाच्या तिसऱ्या भागातली पहिली तीन प्रकरणं पाहा. वसंतात भोवतीचे बर्च हिरवे झालेत आणि रस्त्याकडेचा म्हातारा ओक तेवढा निष्पर्ण, सालीवर जुने व्रण. आपलंही आयुष्य संपलं, असं आंद्रेईला वाटतं. मग रोस्तोवांकडे मुक्काम, चांदणी रात्र, वरच्या खिडकीतून येणारा नताशाचा आवाज. जूनमध्ये परतताना तो तोच ओक शोधतो आणि चटकन ओळखूच शकत नाही: शंभर वर्षांची टणक साल फोडून कोवळी पानं थेट बाहेर आलेली. एकतिसाव्या वर्षी आयुष्य संपत नाही, हे त्याला तिथे उमगतं. कथानकापुरतं पाहिलं तर यात घडत काहीच नाही, म्हणून कात्री आधी अशाच जागी लागते.

लढायांच्या तारखा नकाशाशी ताडताना बारा दिवस मिळवा, कारण रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका होती. कादंबरीतली बोरोदिनोच्या लढाईची २६ ऑगस्ट म्हणजे आपली ७ सप्टेंबर १८१२.

उपसंहाराचे दोन भाग आहेत. पहिल्यात माणसं पुढे कशी जगली ते येतं. तो सोडू नका. दुसऱ्या भागातली बारा प्रकरणं हा इतिहासावरचा निबंध आहे, तो महिन्याभरानं वाचला तरी चालेल.