हिरड्या-बाभळीचा रंग

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर 10 बाय 12 फुटांची एक खोली आहे. तिथे वस्तूंच्या छायाचित्रणाचा स्टुडिओ सुरू करताना मी दिव्यांची निवड घाईने केली, कारण डब्यावरचा वॅटचा मोठा आकडा आणि परवडणारी किंमत एवढेच मी पाहिले. दोन एलईडी पॅनेल घेतली आणि चप्पल लाईनमधल्या एका जुन्या कारागिराच्या 40 जोडांचे फोटो त्यांच्याच उजेडात काढून दिले.

चार दिवसांनी, भर पावसात, ते मामा चपलेचा एक जोड पिशवीत घेऊन जिना चढून आले. त्यांनी उजव्या पायाची चप्पल संगणकाच्या पडद्याशेजारी धरली आणि शांतपणे म्हणाले, "ताई, फोटो झ्याक आल्यात, पर ह्यो रंग आमच्या चपलेचा न्हवं. गिऱ्हाईक पेटी उघडून म्हणंल, दुसराच माल धाडला."

त्यांचे म्हणणे खरे होते. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्याला तेल दिल्यावर जो तांबूस, उबदार रंग चढतो, तो माझ्या फोटोत मातकट झाला होता आणि वेणीवरचा लाल गोंडा तर विटकरी दिसत होता. ज्या माणसाने हा रंग हातांनी आणला, त्याच्यासमोर "पडद्यावर थोडा फरक पडतोच" असे म्हणणे मला शक्य झाले नाही. मी त्यांना चहा दिला, जोड ठेवून घेतला आणि दिवसभराची बाकीची कामे पुढे ढकलली.

आधी शंका कॅमेऱ्यावर होती. दुपारी पाऊस थोडा उघडला तेव्हा उत्तरेच्या खिडकीशी चप्पल ठेवली, शेजारी करडे कार्ड ठेवून व्हाइट बॅलन्स केला, म्हणजे ते कार्ड करडेच दिसेल अशी कॅमेऱ्याची रंगजुळणी केली, आणि फोटो घेतला. कातड्याचा रंग हुबेहूब आला. मग खिडकीला जाड पडदा लावून, तेच कार्ड, तीच चप्पल आणि फक्त एलईडी, असा दुसरा फोटो घेतला. कार्ड अगदी करडे आले, गोंडा मात्र पुन्हा विटकरीच. दोष दिव्याचा आहे हे इथे सिद्ध झाले. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावरच्या पिवळसर फॉस्फरच्या थरामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. स्वस्त दिव्यांत गडद लाल भाग फारच तोकडा पडतो. जो रंग प्रकाशातच नाही, तो व्हाइट बॅलन्स कुठून आणणार? डब्यावर छापलेला सीआरआयचा, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा, आकडाही इथे पुरेसा नसतो, कारण ती सरासरी आठ फिकट रंगनमुन्यांवरून काढतात आणि गडद लाल नमुना, म्हणजे आर-9, तिच्यात धरलेलाच नसतो. माझ्या पॅनेलवर 80 छापले होते आणि मी त्यावर समाधान मानले होते.

संध्याकाळी लग्नाची कामे करणाऱ्या एका मित्राकडून 200 जूलचा (जूल म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचे माप) स्टुडिओ फ्लॅश आणि 60 बाय 90 सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारी कापडी पेटी, आणला. कॅमेऱ्यात आयएसओ 100, शटर 1/160, छिद्र एफ-11 अशी कमी उजेड घेणारी मांडणी ठेवून आधी फ्लॅश न उडवता एक फोटो घेतला. तो पूर्ण काळा आला, तेव्हा छतावरच्या ट्यूबलाइटचा उजेड चित्रात मिसळत नाही याची खात्री झाली. मग सॉफ्टबॉक्स चपलेच्या डाव्या बाजूला, तीन फुटांवर आणि बराच खाली आणला. उजेड असा आडवा पडला तशी वेणीची एकेक पीळ उठून दिसली, कानावरचे, म्हणजे चपलेच्या बाजूच्या पट्टीवरचे, ठसे खोल झाले आणि गोंडा लाल झाला. उजवीकडची सावली फार गडद वाटली म्हणून तिथे थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला. आमच्या भिंती पिस्ता रंगाच्या, त्यामुळे सावलीत किंचित हिरवी झाक उरली होती; भिंतीवर पांढरी चादर टांगल्यावर तीही गेली.

माझ्या मनात 400 जूलचा फ्लॅश घ्यायचा होता, पण एवढ्याशा खोलीत तो बहुतेक वेळ अगदी कमी ताकदीवरच चालवावा लागला असता. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो, म्हणून लांबून जास्त ताकद लागते हे खरे, मात्र इथे दिवा मागे न्यायला जागाच नाही. म्हणून 200 जूलचाच घेतला आणि वाचलेले पैसे मजबूत स्टँड व मोठ्या सॉफ्टबॉक्सवर घातले. प्रकाशाचा मऊपणा वॅटमधून येत नाही, तो वस्तूच्या मानाने स्रोत किती मोठा आणि किती जवळ आहे यावर ठरतो, आणि नवे लोक नेमके याच खर्चात हात आखडता घेतात असे मला वाटते. वेणी विणतानाचा व्हिडिओही मामांना हवा होता आणि तिथे फ्लॅशचा उपयोग नाही. त्यासाठी आर-9 नव्वदीच्या पुढे असलेला एकच एलईडी, आधी गोंड्यावर तपासून, नंतर घेतला.

40 जोडांचे फोटो मी पुन्हा काढले, अर्थात पैसे न घेता. मामा आले, पिशवीतून तीच चप्पल काढून पडद्याशेजारी धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सातव्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो एक परत काढा ताई. कान दबलाय."

रंगाविषयी त्यांनी काहीच विचारले नाही. मी कान हाताने सरळ केला आणि फ्लॅश चालू केला.