सेल पेटला!

आज सातवीला विद्युत परिपथ शिकवायचा होता. व्हिडिओ लावला की पोरं गपगार बसतात. शांतता छान असते, पण डोक्यात काय गेलं ते कळत नाही. म्हणून कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट सिम्युलेशन (पडद्यावरच सेल, वायर, बल्ब जोडून बघायचा आभासी प्रयोग) आधीच उतरवून ठेवलं होतं (शाळेतल्या नेटवर कोण विसंबणार!) आणि चार जणांत एक टॅब दिला.

मग काय, कल्ला! "बाई, सेल उलटा लावला तरी बल्ब लागतोय!" एका गटाने बल्ब न जोडताच सेलची दोन्ही टोकं वायरने जोडली आणि पडद्यावर जाळ. शॉर्ट सर्किट मला सांगावंच लागलं नाही. एरवी न बोलणारी एक मुलगी शेजारणीला चक्क रागावून समजावत होती, "अगं, वाट पूर्ण व्हायला हवी ना!"

मूल एकट्याने जे करू शकत नाही ते जाणत्याच्या मदतीने करतं, असं वायगॉट्स्की हा मानसशास्त्रज्ञ सांगून गेला. बी.एड.ला हे परीक्षेपुरतं पाठ केलेलं. आज तो जाणता म्हणजे मी नव्हते, शेजारची मैत्रीण होती. माझ्या मते टॅब चौघांत एक होता म्हणूनच हे जमलं. प्रत्येकाला वेगळा दिला असता तर वर्ग पुन्हा गपगार.

उद्या खरे सेल, खऱ्या वायरी. जाळाचा प्रयोग सोडून.